मलमलीचा तुकडा

शमीम मॅडमच्या खोलीत आता टिश्यू पेपरचं भेंडोळं टांगलेलं असतं. सोनोग्राफी झाली की पेशंटनं ते टर्रकन फाडायचं, पोटावरची जेली पुसायची आणि बादलीत टाकायचं. सोय चांगली आहे. मला ते भेंडोळं पाहवत नाही, एवढंच.

मी अमरावतीच्या ज्या दवाखान्यात समुपदेशक आहे त्याचं नाव सांगत नाही, कारण आमच्याकडे येणारी माणसंही ते कुठे सांगत नाहीत. एचआयव्हीची औषधं न्यायला येणारी ही माणसं. अकोल्याकडचा माणूस अमरावतीला येतो, अमरावतीचा अकोल्याला जातो; आपल्या जिल्ह्यात कुणी ओळखीचं भेटेल या धाकानं एसटीत तास न् तास बसतो. मॅडम म्हणायच्या, "हे दोन्ही दवाखाने मंधात मूर्तिजापूरले आणून ठेवा, एकबी पेशंट येणार नाही."

मॅडम, आमच्या सोनोग्राफीच्या डॉक्टर, स्वतःही अकोल्याच्याच. भावाचं तिथे कापडाचं दुकान. रोज बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे ऑटोनं, असं त्यांचं अप-डाउन. साठीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी डकवलेली. आवाज असा की परिचारिकाच काय, आमचे मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायचे. एवढ्या खणखणीत बाईची एक सवय मात्र फार मऊ होती. सकाळी आल्या आल्या त्या कॅन्टीनमधून गरम पाणी मागवायच्या, स्टीलच्या डब्यात ओतायच्या आणि जेलीची बाटली त्यात उभी करून ठेवायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "आधीच भेलेला माणूस, त्याच्या पोटावर बरफ काहून टाकू?"

दुसरी सवय मलमलीची. भावाच्या दुकानातले उरलेसुरले कटपीस त्या दर सोमवारी पिशवी भरून आणायच्या. घरी धुऊन, उकळून, हातरुमालाएवढे कापलेले. एका पेशंटला एक तुकडा, मग तो जाळायच्या बादलीत. दवाखान्याचा कापूस त्यांना चालायचा नाही. "कापूस चिकटते पोटाले," म्हणायच्या. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात राहून कापसाला नावं ठेवणारी मी पाहिलेली ही एकटीच बाई.

एचआयव्ही आणि सोनोग्राफीचा संबंध काय, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. तो मॅडमनीच मला शिकवला. ज्याची ताकद या आजारानं खाल्ली आहे त्याला टीबी झाला तर तो नेहमीसारखा छातीत सापडेलच असं नाही. थुंकी स्वच्छ येते, एक्स-रे स्वच्छ येतो, आणि माणूस मात्र तापानं जळत, वाळत जातो. तेव्हा मॅडम खोलीत अंधार करून त्याला टेबलावर झोपवायच्या. आधी बरगड्यांखालून हृदय, त्याच्याभोवती पाणी आहे का. मग दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पाणी. मग पोटात पाणी, पोटाच्या खोल भागात गाठी आणि शेवटी यकृत आणि प्लीहा. प्लीहेत कधी कधी तीळ सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसायचे. ते दिसले की पुढचं काम औषधाच्या डॉक्टरांचं. क्रम कधी बदलायचा नाही. "तो लपते," मॅडम सांगायच्या, "आन् लपलेल्याले हुडकाचं म्हंजे रोज त्याच रस्त्यानं जा लागते." त्यांचं आणखी एक वाक्य आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं: "टीबी सापडला म्हंजे माणूस वाचला. नाही सापडला म्हंजे गेला."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसलं, बाकावरच्या माणसांच्या नाही. तिथे भलतंच काहीतरी बसलं, आणि ते मी बसवलं.

झालं असं. रिद्धपूरकडचे एक रामरावजी आले होते. महानुभाव पंथाचा माणूस, दारातूनच "दंडवत प्रणाम" म्हणणारा. महिन्याभराचा ताप आणि दम. सोनोग्राफीचं नाव काढताच बिथरले. "बाई, हे तं पोटुशा बायाईची मशीन होय. मी नाई झोपत."

"झोपा भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पोटात पोरगं हाये का पोरगी, ते तं मी सांगूच शकत नाही. कायदा हाये. बोर्ड वाचा." आणि भिंतीवरच्या गर्भलिंगनिदानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. रामरावजी हसत हसत झोपले. मॅडम त्यांच्या शेतीची, संत्र्यांची चौकशी करत होत्या. मग बोलणं थांबलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. एरवी काम झालं की त्या मलमलीचा तुकडा पेशंटच्या छातीवर टाकायच्या, "पुस आन् ऊठ." त्या दिवशी त्यांनी तो तुकडा स्वतः घेतला आणि रामरावजींचं पोट पुसलं, सावकाश, कडेकडेनं, लहान लेकराचं पुसावं तसं. हृदयाभोवती पाणी होतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. दर वेळी तेच. काही सापडलं नाही तर तुकडा पेशंटच्या अंगावर. सापडलं तर मॅडमच्या हातात. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. आणि एकदा बाहेरच्या बाकावर एक बाई रिपोर्टची वाट पाहत रडत बसली होती, तेव्हा माझी जीभ सैल सुटली. माझी जीभ हा माझा जुना शत्रू आहे. मी म्हणाले, "अहो, तुम्हीच पुसलं ना पोट? मग काळजी नाही. मॅडम काही असलं तरच स्वतः पुसतात."

त्या बाईचं रडं थांबलं. पण बाकाला कान असतात. दोन महिन्यांत अशी गत झाली की खोलीचं दार उघडलं की बाकावरचं बोलणं बंद. बाहेर येणाऱ्याला पहिला प्रश्न एकच: "कोणं पुसलं?" तो म्हणाला "म्या", तर लोक सरकून त्याला जागा द्यायचे. तो म्हणाला "बाईनं", तर कुणी काही बोलायचं नाही, बाकाच्या टोकापर्यंत सगळे खाली पाहायचे. खोलीच्या आत मॅडम माणसाला वाचवायला लागलेल्या असायच्या आणि बाहेर त्याचं सुतक सुरू झालेलं असायचं. मला हे दिसत होतं. मॅडमना सांगायची हिंमत मला झाली नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

वनिता आली ती याच दिवसांत. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातली, तिशीची, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. सासू आणि सातवीतली मुलगी. घरी ब्लाउज शिवायची. सासूला ती "कमरेच्या दुखण्याचं" औषध आणायला अमरावतीला जाते असं ठाऊक होतं. ताप, वजन उतरलेलं, थुंकी स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. माझ्यासमोर बसून तिनं एकच गोष्ट विचारली, "ताई, पोरगी दहावी होयेपर्यंत मी राह्यीन ना?"

मॅडमनी तिला टेबलावर घेतलं. काम होत आलं आणि लाइट गेली. मशीन बंद पडलं. मॅडम बाहेर मीटरच्या पेटीपाशी जाऊन वायरमनच्या नावानं ओरडत होत्या. मी दाराशीच होते. पाचेक मिनिटांनी लाइट आली, तेव्हा टेबल रिकामं होतं आणि मलमलीचा एक तुकडा बादलीत होता.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मॅडम वायरमनशी भांडत असताना वनिता माझ्या शेजारूनच बाहेर आली होती. चेहरा उजळलेला. बाकावरून कुणीतरी विचारलं, "कोणं पुसलं?" ती म्हणाली, "म्या." दोन बायांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी, तिची समुपदेशक, तिला म्हणाले, "बरं झालं बाई!" ती बसस्टँडच्या रस्त्याला लागली.

मॅडम खोलीत डोकावून परत बाहेर आल्या. "ते तेल्हाऱ्याची कुठं गेली? पोटात गाठी हायेत तिच्या, बोराएवढ्या. प्लीहेवरबी ठिपके हायेत. मले तं पाहूनबी झालं होतं."

मग मला सगळं सांगावंच लागलं. पुसण्याचं, बाकाचं, माझ्या सैल जिभेचं. मॅडमनी ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. त्या स्वतःच्या हातांकडे पाहत बसल्या, जणू ते कुणा दुसऱ्याचे हात आहेत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ज्योती, तुले डॉक्टर कोणं केलं?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाइलमधला फोन नंबर लागत नव्हता. तो तसा आमच्याकडे बहुतेकांचा लागत नाही. आमचा कार्यकर्ता पाठवावा तर त्याला अर्धा तालुका ओळखतो. तो ज्या घरी जाईल त्या घराची चर्चा संध्याकाळपर्यंत पारावर. आणि मशीन तर खोलीच्या बाहेर हलवायची त्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्यानंच सोय नाही. मॅडम म्हणाल्या, "ते कपडे शिवते म्हणते ना? मंग मले कपडे शिवाचे हायेत."

रविवारी मी अकोल्याला गेले. मॅडमनी भावाच्या दुकानातून जांभळं कापड घेतलं होतं, कुर्त्याचं. तेल्हाऱ्याच्या बसमध्ये त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाटीची शेतं मागे पडत होती आणि मी दिवस मोजत होते. सहावा दिवस होता.

घर सापडलं. ओट्यावर सासू तूर निवडत बसलेली. तिनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अकोल्यावरून इकडे कपडे शिवाले?"

"माह्या भावाचं कापडाचं दुकान हाये, मावशी," मॅडम म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तुमच्या सुनेचं नाव घेतेत. मलेबी वाटलं, पाहून यावं."

सुनेचं कौतुक ऐकून म्हातारी थोडी सैल झाली. आतून वनिता आली. आम्हाला पाहून ती दारालाच धरून उभी राहिली. ओठ कोरडे, डोळे तापानं चकाकत होते. सहा दिवसांत ती आणखी उतरली होती.

"माप घे बाई," मॅडम म्हणाल्या.

आतल्या खोलीत वनितानं टेप काढला. सासू ओट्यावर, मध्ये एक पडदा. तिनं हात मॅडमच्या खांद्यावर टेकवले तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते हात किती तापले असतील ते मला त्या पाहण्यातूनच कळलं. मोठ्यानं माप आणि हळूच बोलणं, असं चाललं होतं.

"छाती बेचाळीस," वनिता मोठ्यानं म्हणाली. मग पुटपुटली, "बाई, पण मीच पुसलं होतं ना?"

"पुसल्यानं जात असतं तं मी रोज पोतंभर चिंध्या आणल्या असत्या," मॅडम कुजबुजल्या. "टीबी हाये. पोटात हाये."

वनिताच्या हातातला टेप खाली पडला. मॅडमनी वाकून तो उचलला आणि तिच्या हातात दिला. "माप घे. म्हातारी ऐकून राह्यली. आन् माह्याकडे पाह्य. सापडला, म्हंजे तू वाचली. पोरीची दहावी पाह्याची हाये का नाही?"

"बाही सतरा," वनिता मोठ्यानं म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र सरळ होता. तसा आवाज काढायची सवय या बायांना कुठून होते, ते मला ठाऊक आहे.

"सासूले सांग, कापड कमी पडलं, दुकानात जा लागते," मॅडम म्हणाल्या. "उद्याच ये."

ती उद्या आली नाही. परवाही नाही. मॅडम खोलीच्या दाराकडे पाहून पाहून काम करत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वनिता आली, ऑटोवाल्यानं हाताला धरून आणलेली. औषध सुरू झालं. पहिला पंधरवडा भीतीचा गेला. मग ताप उतरला, आणि ती जेवायला लागली.

त्या दिवसापासून मॅडमनी रीत बदलली. आता प्रत्येक पेशंटचं पोट त्या स्वतः पुसायच्या. काही सापडो न सापडो, मलमलीचा तुकडा त्यांच्याच हातात. हाताखालच्या डॉ. देशमुखांनाही तोच हुकूम. "या खोलीत कोनी सोता पुसणार नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. पहिले काही दिवस बाक पार हादरला. सगळ्यांचंच बाईनं पुसलं, सगळेच मरणार की काय! मग हळूहळू तो प्रश्न विचारणंच बंद झालं. ज्या खुणेची मी मरणाची खूण केली होती, ती मॅडमनी अशी पुसून टाकली. मला मात्र त्याबद्दल त्या नंतर एका शब्दानंही बोलल्या नाहीत. सोमवारी पिशवी आणली की माझ्यासमोर ठेवायच्या, "मोज." मी तुकडे मोजायची. तीच माझी शिक्षा, असं मी धरून चालले.

वनिताचा कोर्स संपत आला तेव्हा रमजान चालू होता. मॅडमचे रोजे कधी चुकत नसत. त्या थकलेल्या दिसत होत्या, जिना चढताना कठड्याला धरत होत्या, ओढणीच्या पिना दोन बोटं आत सरकल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर काढून ठेवलं होतं: रोजे आहेत. दवाखान्यात भरलेल्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी कुणालाही दुसरं काही सुचलं नाही. रमजान संपला, ईद झाली, शीरखुर्मा आला. मॅडमनी स्वतः आणलेला शीरखुर्मा स्वतः चाखला नाही, हेही मी पाहिलं आणि विसरून गेले.

ईदनंतर वनिता जांभळा कुर्ता शिवून घेऊन आली. अंग भरलं होतं तिचं, ओळखू येत नव्हती. "बाई, घालून दाखवा." मॅडमनी अंगातल्या कपड्यांवरूनच तो चढवला. दोन कपड्यांवरूनही तो त्यांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबला.

मी हसले. "काय गं वनिता, कुणाचं माप घेतलंस?"

वनिता हसली नाही. तिनं पिशवीतून टेप काढला, मॅडमच्या छातीभोवती फिरवला आणि आकडा पाहत राहिली. मग वही काढून पाहिली. पुन्हा टेप.

"बाई, माहं माप चुकत नाही," ती म्हणाली. "पाच इंच."

"म्हातारी होऊन राह्यली मी," मॅडम म्हणाल्या. "दे तो कुर्ता, अल्टर करून घेते."

"कुर्ता अल्टर होते बाई." वनितानं टेप गुंडाळला नाही. "तुमी मले तेल्हाऱ्याले येऊन धरलं. आता मी तुमाले धरून राह्यली. झोपा टेबलावर."

मॅडमनी एवढी वर्षं शेकडो माणसांना ज्या आवाजात झोपवलं, तोच आवाज होता तो. मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग चष्मा काढून मला दिला, परत मागून घेतला, आणि टेबलावर झोपल्या. वनिता बाहेर बाकावर जाऊन बसली.

डॉ. देशमुखांनी दिवा मालवला. जेली कोमट होती; सकाळीच मॅडमनी बाटली गरम पाण्यात ठेवली होती. "पडदा माह्याकडे वळव," मॅडम म्हणाल्या. देशमुखांनी वळवला. हृदय. फुप्फुसांचे तळ. पोट. त्याच रस्त्यानं, त्याच क्रमानं, मॅडमनीच शिकवलेलं. देशमुख सुरुवातीला रेल्वेच्या गर्दीबद्दल काहीबाही बोलत होते. यकृताशी आले आणि गप्प झाले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

पडद्यावर मलाही दिसत होतं. मला त्यातलं कळत नाही, पण मोठमोठे गोल डाग होते, एकाशेजारी एक.

"टीबी असू शकतो मॅडम," देशमुख म्हणाले. "सुई टाकून पाहू."

"बेटा," मॅडम म्हणाल्या, आणि एवढ्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, "टीबी मी जिंदगीभर पाह्यला. हा टीबी असता तं मी आज पेढे वाटले असते."

देशमुखांनी मलमलीचा तुकडा उचलला. त्यांचा हात पोटापर्यंत गेला आणि मॅडमनी तुकड्याचं दुसरं टोक धरलं. क्षणभर दोघांनीही सोडलं नाही. मग देशमुखांनी सोडलं. मॅडमनी आपलं पोट आपणच पुसलं, कडेकडेनं, एक थेंब राहू न देता. तुकड्याची घडी केली आणि बादलीत टाकली. उठून बसल्या, ओढणी सारखी केली, जांभळा कुर्ता हातावर घेतला.

"पुढचा कोन हाये?" मला म्हणाल्या. "बोलाव. बाटली थंडी होऊन राह्यली."

त्या दिवशीचे उरलेले पेशंट त्यांनी सगळे पाहिले. सगळ्यांची पोटं पुसली. ते त्यांचं त्या खोलीतलं शेवटचं काम; पाऊसकाळ सरायच्या आत त्या अकोल्यात, भावाच्या घरी वारल्या.

मी दार उघडून नाव पुकारायला बाहेर आले तेव्हा बाकावर आठ-दहा माणसं होती. त्यांतल्या कुणालाच काही ठाऊक नव्हतं. वनिता टोकाला बसली होती, टेप अजून तिच्या मुठीत. तिनं मान वर केली. कित्येक महिन्यांत त्या बाकावर कुणी जे विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"ताई, कोणं पुसलं?"

बाकाच्या जुन्या खुणेनं खरं उत्तर खोटंच ठरणार होतं. पण माझ्या जिभेला दुसरं काही सापडलं नाही.

"त्यांचं त्यांनीच," मी म्हणाले.

एकदा त्याच खुणेनं फसलेल्या वनितानं टेप बोटांभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला. मग ती बाकावर थोडी आत सरकली आणि माझ्यासाठी जागा केली.